वाकडे पाने

अल रुवैसच्या धक्क्यावर आता काचेचं कॉफीचं दुकान झालं आहे. आत बसणाऱ्याला समुद्र दिसतो, पण समुद्राचा वास येत नाही. ती अडचण काचेनं दूर केली आहे. पूर्वी त्याच जागेवर आमची पत्र्याची शेड होती. तिला खिडकी नव्हती. समुद्र दिसायचा नाही, नुसता नाकात यायचा. डिझेल, ओला दोर, गंज, आणि बाहेर रचून ठेवलेल्या गरगूरमध्ये, म्हणजे मासे धरायच्या तारेच्या त्या गोल पिंजऱ्यांमध्ये, अडकून कुजलेलं आमिष. उन्हाळ्यात तो वास कपड्यांना असा धरायचा की शुक्रवारी धुतलेला शर्ट शनिवारी अंगात घालायच्या आधीच कामावर जाऊन आल्यासारखा वाटायचा.

या फेब्रुवारीत मी तिथे गेलो, तो कॉफी प्यायला नव्हे. एका बोल्टासाठी गेलो. मी आता दोह्याच्या ऑफिसात मेंटेनन्स मॅनेजर आहे. आमची कंपनी बोटींची इंजिनं सांभाळते. मी ती सांभाळल्याचे कागद सांभाळतो. एका जुन्या मासेमारी बोटीचा स्टार्टर गेला होता. स्टार्टर तीन बोल्टांवर बसतो. दोन निघाले होते आणि तिसऱ्यानं आमच्या इंजिनियरला तीन दिवस पाणी पाजलं होतं.

इंजिनियरचं नाव आदित्य. पुण्याचा, हुशार, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला, गुड मॉर्निंगशिवाय बोलायला सुरुवात न करणारा. त्याची हत्यारांची बॅग उघडली की दागिन्यांची पेटी उघडल्यासारखं वाटतं. मान वाकवणारे रॅचेट, सापासारखी वळणारी दांडी, टोकाला लोहचुंबक लावलेली काठी, आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे लांब तारेच्या टोकाला बसवलेला कॅमेरा. इंजिनाच्या कुठल्याही सांदीत शिरून तो आतलं सगळं मोबाइलवर दाखवतो. बोल्ट दिसत होता. तीन दिवस तो अगदी स्पष्ट दिसत होता.

"सर, ॲक्सेसच नाहीये," आदित्य म्हणाला. "कॅमेरा आत घातला की हात जात नाही, हात घातला की कॅमेरा जात नाही. डिझाइन इश्यू आहे. इंजिन लिफ्ट करायला लागेल. क्रेन, मिनिमम पाच दिवस."

"बोटीवरची माणसं काय करतील पाच दिवस?"

त्यानं खांदे उडवले. चार तमिळ खलाशी धक्क्यावर बसून होते. हवा निवळली होती, मासा चांगला लागत होता, बाकीच्या बोटी पहाटेच बाहेर गेल्या होत्या. पकडीतल्या वाट्यावर जगणाऱ्या माणसाचे पाच दिवस कुठल्या बॅगेत बसत नाहीत, म्हणून ते आदित्यला दिसले नव्हते. मी मोठ्या तुच्छतेनं त्याच्याकडे पाहिलं. तुच्छतेनं बघणं मला चांगलं जमतं. ते मी इथंच शिकलो.

बोटीचा मालक, तिचा म्हातारा नोखदा म्हणजे नाखवा, उलट्या क्रेटवर बसला होता. त्यानं मला ओळखलं. माझ्या इस्त्रीच्या शर्टावरून त्याची नजर बुटांपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"हमीद वेन?" हमीद कुठाय?

"इंडिया. रिटायर. खलास," मी म्हटलं.

"तो फिर तुम काएको आया?" तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, आणि पाण्याकडे बघायला लागला.

हमीदचाचा रत्नागिरीच्या बाजूचे, खाडीकाठचे. बारा वर्षांपूर्वी मी या शेडमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. बारीक, काळे, मनगटं मात्र दोरखंडासारखी. मी चोवीस वर्षांचा. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या पॉलिटेक्निकमधून फर्स्ट क्लास घेऊन निघालेला. दोह्यात उंच इमारतीत काम मिळेल असं समजून विमानात बसलेला, आणि कतारच्या पार वरच्या टोकाला, जिथं रस्ता संपतो तिथं, आणून टाकलेला. तो अपमान मी पहिले कित्येक महिने रोज सकाळी नव्यानं चघळत असे.

"काय शिकलास?" चाचांनी विचारलं होतं.

"डिप्लोमा. मेकॅनिकल."

"म्हणजे पाना धरता येतो?"

"थिअरी सगळी झालीय."

चाचांनी मान वळवून शेडमधल्या दोघांना हाक मारली. "ए, ह्याला चहा द्या रे. थिअरी घेऊन आलाय, लांबनं."

त्या दिवसापासून माझं नाव डिप्लोमा. ए डिप्लोमा, दिवा धर. ए डिप्लोमा, तिकडं नको, इकडं. कधी गाढवा, कधी मेल्या, आणि खूश असले की नुसतं ए. आम्ही एकाच पोर्टाकॅबिनमध्ये राहायचो, एकाच स्टोव्हवर जेवण करायचो. ते भात आणि सुरमईचं कालवण करायचे. मी भाकरी थापायचो आणि ती बघून ते हसायचे. त्यांना माझा तिटकारा होता आणि मला त्यांचा. इतक्या उघड तिटकाऱ्यात दोन माणसं किती निवांत राहू शकतात, हे मला तेव्हा कळलं नाही.

माझ्या तिटकाऱ्याचं मुख्य कारण म्हणजे त्यांचे पाने. एका गोणपाटाच्या पिशवीत एकतीस पाने होते आणि त्यातला एकही सरळ नव्हता. गॅसच्या ज्वाळेवर लाल करून, व्हाइसमध्ये धरून, हातोडीनं वाकवलेले. कुणाचा दांडा इंग्रजी एससारखा, कुणाचा मध्येच कापून आखूड केलेला, कुणाचं तोंड घासून सुरीच्या पात्याइतकं बारीक केलेलं. एकाला दुसऱ्या पान्याचं शेपूट वेल्डिंग करून जोडलेलं. मी पुस्तकात पान्याच्या तोंडाचा कोन शिकलो होतो, त्याच्या पोलादाचा दर्जा शिकलो होतो. ते गोणपाट उघडलं की मला अपंगांची रांग बघितल्यासारखं होई. गावठी, असं मी मनात म्हणायचो. एकदा तोंडावरही म्हटलं.

"गावठी तर गावठी," चाचा म्हणाले. "तुझ्या शहरी पान्याला म्हण, आत जाऊन दाखव."

दर शनिवारी सकाळी ते सगळे पाने गोणपाटावर मांडायचे, डिझेलच्या फडक्यानं एकेक पुसायचे आणि पुसताना नावं घ्यायचे. प्रत्येकाला नाव होतं आणि प्रत्येक नाव त्यांना आयुष्यात न आवडलेल्या माणसाचं होतं. दोन ठिकाणी वाकलेला तो फोरमन, कारण सरळ बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं. बारीक तोंडाचा तो वकील, कुठल्याही फटीत शिरणारा. आखूड आणि जाड तो सासरा, त्याला मागून हातोडी मारल्याशिवाय तो हलत नसे. सकाळच्या त्या उजेडात, करकचा, म्हणजे इथल्या दुधाळ कडक चहाचा, वेलदोड्याचा वास येत असताना, म्हातारा एकतीस शत्रूंना इतक्या मायेनं पुसायचा की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, ही याची मुलंच आहेत.

पुढे त्यातलाच एक पाना माझ्या नावाचा झाला. दिसायला सगळ्यात सुबक, चकचकीत. "डिप्लोमा," चाचा तो उचलून उजेडात धरत म्हणाले. "देखणा हाय. पण ताण आला की तोंड उघडतो आणि नटाचे कोपरे खातो." मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

त्यांचा सगळ्यात मोठा राग इंजिनं बनवणाऱ्यांवर होता. बोटीच्या तळात पालथं पडून, कानाला गरम पाइप चाटत असताना, ते अगदी शांत आवाजात त्या न पाहिलेल्या माणसांचा उद्धार करायचे. एकदा मी इंजिनाच्या पुस्तकातलं चित्र त्यांच्यापुढे धरलं आणि बोल्ट कुठे आहे ते दाखवलं. त्यांनी चित्र हातात घेतलं. काळं बोट बोल्टाभोवतीच्या कोऱ्या कागदावरून गोल फिरवलं.

"बघ, केवढी जागा हाय ह्या बोल्टाच्या बाजूला. सगळी पांढरी." कागदावर त्यांच्या बोटाचा काळा गोल उमटला. "कागद पांढरा असतो डिप्लोमा, म्हणून त्यांना वाटतं जागा रिकामी हाय."

त्या गोलावरून मी त्यांच्याशी भांडलो होतो. पुस्तक खराब झालं म्हणून.

हिवाळ्यात शमाल सुटायचा. वारा दिवस दिवस धक्क्याला घासत राहायचा, पत्रे वाजायचे, दोर ताणून कुरकुरायचे, बोटी बांधलेल्या जागी एकमेकींना धक्के द्यायच्या. त्या दिवसांत काम भरपूर. गंजानं धरलेल्या बोल्टाला चाचा आधी तापवायचे आणि मग त्याच्या मुळाशी मेणबत्ती टेकवायचे. मेण वितळून आट्यांमधून आत ओढलं जायचं, पिऊन घेतल्यासारखं. जळक्या मेणाचा तो वास येऊन पाच मिनिटं गेली की बोल्ट निमूट फिरायचा. वॉशर हातातून निसटून बोटीच्या तळात जाऊ नये म्हणून त्याला ते शिवायचा दोरा बांधायचे. एखाद्या बाईच्या पावडरच्या डबीतला आरसा तारेला लावून ठेवला होता, पण तो ते स्वतः क्वचितच वापरत. "आरशात उलटं दिसतं," म्हणायचे. "बोटाला उलटं दिसत नाय."

आणि उन्हाळा. सप्टेंबरपर्यंत न संपणारा तो ओला, चिकट उन्हाळा, बोटीच्या तळात तर भिजलेलं फडकं तोंडावर टाकल्यासारखा. बोल्ट अवघड जागी बसवायचा तर तो गोटीत, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसणाऱ्या त्या नळीत, पडू न देता न्यावा लागतो. सगळे त्यासाठी आत ग्रीस भरतात. उन्हाळ्यात ग्रीस पातळ होऊन गळतं, बोल्ट त्याच्याबरोबर जातो. चाचा खजूर वापरायचे. अर्धा खजूर चावून मऊ करायचा, गोटीत दाबायचा, वर बोल्टाचं डोकं बसवायचं. उलटा केला तरी पडायचा नाही. रमजानात रोजा असला की चावता येत नसे. मग ते खजूर बोटांनी मळायचे, शांतपणे, बराच वेळ. दुपारभर त्यांच्या बोटांना तो गोड वास येत राहायचा आणि दिवस मावळेपर्यंत ती बोटं तोंडाजवळ जायची नाहीत. मी पलीकडे बसून पाणी प्यायचो आणि हत्यारांच्या कॅटलॉगची पानं उलटायचो. त्यात खजुराचा उल्लेख कुठंच नव्हता, त्यामुळे मला ते हास्यास्पद वाटायचं.

"डोळे मीट," ते मला नेहमी सांगायचे. माझा हात इंजिनामागे कोपरापर्यंत अडकलेला असायचा आणि मी मान वाकडी करून काही दिसतंय का बघत असायचो. "मीट डोळे. डोळा जिथं पोचत नाय तिथं डोळा कशाला नेतोस?" मी वैतागून डोळे मिटायचो आणि आत कॅटलॉगच बघायचो.

याच बोटीचा, याच इंजिनाचा तो तिसरा बोल्ट चाचांनी माझ्यासमोर काढला आहे. दिवा मी धरला होता. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात मोबाइल. दोह्याच्या ऑफिसातून मेल आला होता, मला तिकडे बोलावणार होते. चाचा खालून काहीतरी सांगत होते, कुठून हात घालायचा, काय कशाला जोडायचं. थोड्या वेळानं ते वर आले, बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बघितलंस?"

"हो," मी म्हटलं.

पाच वर्षं मी रुवैसमध्ये काढली आणि शेवटी दोह्याचं टेबल मिळालं. नव्या टेबलावरचं माझं पहिलं काम होतं हत्यारांची तपासणी. कंपनीला सेफ्टीचं नवं सर्टिफिकेट हवं होतं. मी फॉर्म घेऊन रुवैसला आलो. एका रकान्यात कंपनीनं दिलेली हत्यारं, दुसऱ्या रकान्यात बदल केलेली, बिनमापाची, धोकादायक. दुसऱ्या रकान्यात मी एकतीस लिहिलं, अशी हत्यारं वापरू नयेत असा नियम खाली लिहिला आणि सही केली. कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नव्हतं. तो रकाना कोरा सोडता आला असता, पिशवी दिसली नाही म्हणता आलं असतं. मला तो आकडा लिहिताना बरं वाटलं, हेच खरं. हत्यारं म्हणजे काय आणि कोणती, हे ठरवायचा अधिकार शेवटी माझ्याकडे आला होता.

भंगारवाल्याचा पिकअप शेडच्या दाराशी लागला. चाचांनी पिशवी मला उचलू दिली नाही. खाली बसले, गोणपाट उघडलं आणि डिझेलचं फडकं घेतलं. एकेक पाना पुसायचा आणि ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. त्या दिवशी नावं घेतली नाहीत. ड्रायव्हर हसला, "चाचा, कबाड को क्या साफ करता है?" पिकअपच्या पत्र्यावर एकेक पाना पडल्याचा आवाज येत राहिला. शेवटचा पडल्यावर ते उठले, गुडघ्यावर हात टेकून, आणि माझ्याकडे वळले.

"बघा साहेब, एकतीस झाले का. तुमच्या कागदाशी जुळतात ना?"

बघा. साहेब. तुमच्या. पाच वर्षांत त्या माणसानं मला गाढवापासून डुकरापर्यंत सगळं म्हटलं होतं, पण अहोजाहो कधी केलं नव्हतं. मला वाटलं, रागानं एकदा म्हणाले असतील. नंतर जेव्हा जेव्हा रुवैसला गेलो तेव्हा तेव्हा "या साहेब", "बसा साहेब", "तुम्ही म्हणाल तसं". एकदा मी गुडघ्यावर बसून त्यांना पाना द्यायला गेलो तर माझ्या हातातून तो काढून घेत म्हणाले, "राहू द्या. हात काळे होतील तुमचे."

पुढचं वर्षभर त्यांनी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे काम केलं. जे काम ते जेवणाआधी उरकायचे त्यासाठी पुस्तकात इंजिन वर काढा लिहिलं होतं. ते इंजिन वर काढायचे. क्रेन, दोन दिवस, तीन दिवस. मॅनेजरनं विचारलं की पान नंबर सांगायचे. असा तिरस्कार मी पुन्हा कुणाच्या वागण्यात पाहिला नाही. त्यात एकही चूक काढता येत नव्हती. मग एका हिवाळ्यात ते कायमचे गावी गेले. विमानतळावर सोडायला मी गाडी घेऊन गेलो, तर ते मागच्या सीटवर बसले. दोह्यापर्यंतच्या वाटेत मी आरशात बघत होतो आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

त्याला सहा वर्षं झाली. नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. मी कधी लावला नव्हता.

तर या फेब्रुवारीत मी इस्त्रीचा शर्ट काढला आणि बनियनवर त्या बोटीच्या तळात उतरलो. आदित्यला दाखवायचंच होतं. वरून तो "सर, केअरफुल" म्हणत होता. मी हात घातला, पुढून, पाइपाच्या खालून. बोटं पोचली नाहीत. कुशीवर वळून घातला. बोटं बोल्टाला लागली, पण पान्यासाठी जागा उरली नाही. मनगटात गोळा आला. टेबलावर माउस फिरवून फिरवून हात कसा होतो, ते तिथं कळतं. पाऊण तास मी त्या लोखंडाला ढोसत राहिलो. चाचांनी हा बोल्ट काढला होता, मी इथंच उभा होतो, दिवा माझ्या हातात होता, आणि त्यांनी काय केलं ते मला आठवत नव्हतं. आठवायला आधी बघावं लागतं. माझा कोपर सोलला होता आणि जगातल्या सगळ्या तुच्छतेच्या लायक असलेला माणूस त्या तळात माझ्याशिवाय दुसरा नव्हता.

"सर, क्रेनला फोन करू?" आदित्यनं वरून विचारलं.

"थांब," मी म्हटलं. "मी एक फोन करतो."

बराच वेळ रिंग वाजली.

"कोन?"

"चाचा, मी... डिप्लोमा."

पलीकडे कोंबडा ओरडला. कुणीतरी बादली ठेवली.

"बोला साहेब."

मी सांगितलं. एका दमात, कुठली बोट, कुठलं इंजिन, कुठला बोल्ट. माफी वगैरे काही मागितली नाही. तळात पालथं पडून मागायची ती गोष्ट नव्हे.

"म्हातारा नाखवा जिता हाय अजून?" चाचा म्हणाले.

"आहे. तुमची चौकशी करत होता."

"मरेल पण इंजिन बदलणार नाय. हात कुठनं घातलात?"

"पुढून."

"पुढनं कुनीपण घालतो. मागं जा. गिअरबॉक्सवर पालथे पडा."

मी मोबाइल स्पीकरवर टाकून आदित्यच्या हातात दिला आणि मागे जाऊन गिअरबॉक्सवर पडलो. छातीला लोखंड रुतलं.

"लांब दांड्या दोन घ्या, एकमेकीला जोडा. टोकाला तो मान हलणारा जोड, मग गोटी. जोडावर टेप गुंडाळा. दोन फेरे. एक केलात तर मान लोळते, तीन केलेत तर ताठते."

आदित्यनं टेप शोधून दिली. मी दोन फेरे दिले.

"आता उजव्या हातानं दांडी पाइपावरनं पुढं सोडा. डावा हात खालनं. डाव्या हाताची दोन बोटं बोल्टावर ठेवा आणि गोटीला त्या बोटांकडं आना. घाई नको."

मी सोडली. गोटी कशावर तरी आपटली. मागे घेतली, पुन्हा सोडली. पुन्हा आपटली. "आदित्य, कॅमेऱ्यात बघ, कुठे अडतंय?"

"कॅमेरा?" मोबाइलमधला आवाज एकदम चढला. "आत कॅमेरा घातलाय? काढ तो आधी! जागा खातोय! अरे गाढवा, किती वेळा सांगितलं तुला, डोळे मीट म्हणून! बारा वर्षं झाली, मेल्या, अजून बघायलाच निघालाय! काढला का?"

आदित्यनं घाबरून तार ओढून घेतली.

"काढला," मी म्हटलं.

"मीट डोळे. मिटलेस? डिप्लोमा, खरं सांग."

"मिटले चाचा."

"बोल्ट कुठं हाय?"

"बोटाखाली."

"गोटी?"

मी दांडी हलवली. अंधारात, माझ्या दोन बोटांच्या मध्ये, थंड लोखंडाची कड आली. "आली. आली चाचा, बोटाला लागली."

"मग बसव. दाब. आता सोडवायला जाऊ नको, आधी जरा आवळ. केसभर. त्याला वाटू दे आपन त्याच्या बाजूचे हाय. आता उलट. जोर नको लावू रे, डुकरा, अंगाचा भार टाक!"

टक् असा आवाज झाला. माझ्या छातीखालच्या लोखंडातून तो मला ऐकू आला, आणि मग दांडी हलकी होऊन फिरायला लागली. वर खलाशी ओरडले.

"निघाला," मी म्हटलं. "चाचा, निघाला."

मी डोळे उघडले नव्हते. मोबाइलमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता, तेच काम केल्यासारखा जोरात. मग तो हळूहळू शांत झाला.

"बरं झालं साहेब," ते म्हणाले. "परत बसवताना बोल्टाला दोरा बांधायला सांगा. तळात जाईल नायतर."

फोन बंद झाला.

मी वर आलो. नोखद्यानं माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं. खलाशानं पाण्याची बाटली पुढे केली. आदित्य अजून मोबाइल धरून उभा होता.

"सर, हे कोण होते? आपले कन्सल्टंट आहेत का?"

"इथं आमची शेड होती, तिथं ते मेकॅनिक होते. अशा कामांचे पाने ते स्वतः बनवायचे. असे एकतीस बनवले होते."

"मग ते पाने कुठे आहेत? आपण मागवू शकतो?"

"मी भंगारात घातले."

त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी त्याला कंपनीच्या सेफ्टीच्या पुस्तकातलं त्या पानाची आठवण करून दिली, बदल केलेली हत्यारं वापरू नयेत असं लिहिलेलं. ते त्याला पाठ होतं. "ते मी लिहिलंय," मी म्हटलं. "माणूस समोर बसलेला असताना लिहिलंय." आदित्य माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ओळखलं, आणि ते मला मिळायलाच हवं होतं.

मग तो म्हणाला, "सर, त्यांचा नंबर मला द्याल? बोल्ट बसवताना विचारता येईल."

मी दिला. "माझं नाव काढू नकोस. नाखव्याच्या बोटीवरून बोलतोय म्हण."

हात तसेच काळे ठेवून मी गाडीकडे निघालो. कॉफीच्या दुकानाच्या काचेमागे दोघं जण समुद्राचे फोटो काढत होते. गाडीचं दार उघडलं तेव्हा मागून आदित्यचा आवाज आला, अगदी अदबीचा: "गुड मॉर्निंग सर, मी आदित्य, मेकॅनिकल इंजिनियर..."

मी वळून पाहिलं. तो धक्क्याच्या कडेला मोबाइल कानापासून हातभर लांब धरून उभा होता, कान लाल झालेले, आणि त्या मोबाइलमधून येणाऱ्या शिव्या वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत पोचत होत्या. दार उघडं ठेवून मी तिथंच उभा राहिलो, त्या संपेपर्यंत.